दोन खऱ्या बातम्यांचा एक मथळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासोबत तीस वर्षं सकाळचा चहा पितोय त्या मित्रालाही नाही. एकदा त्याला सांगायला बसलो होतो — अगदी ओठांवर आलं होतं — आणि मधेच मी निवडणुकीचा विषय काढला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. हासुद्धा भित्रेपणाच, दुसरं काय?

मी मथळे शिकवतो. हो, या वयात. नगरात काही पोरंपोरी वेबसाइटवर बातम्या लिहितात, त्यांच्या ऑफिसात महिन्यातून एकदा जातो आणि फळ्यावर लिहितो — अर्धं सांगा, अर्धं झाका. मोबाईलवर सरकणारं बोट थांबलं पाहिजे. पोरं वहीत उतरवून घेतात. मग शेवटी कुणीतरी विचारतंच, "सर, तुमचा सगळ्यात गाजलेला मथळा कोणता?" मी विहिरीत पडलेल्या बिबट्याचा सांगतो. पोरं हसतात, मीही हसतो, आणि घरी येऊन मला जेवण जात नाही.

कारण तो बिबट्याचा नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, तालुक्याचं पान माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांचं वय आणि जीभ अशी की समोरच्याला सोलून काढावं. गावोगावचे बातमीदार कागदावर बातम्या लिहायचे, पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे, आणि दुपारी स्टँडवरून ती पाकिटं आमच्याकडे यायची. त्यातल्या मजकुराला मी नावं ठेवायचो, काटछाट करायचो आणि वर मथळा चढवायचो. मथळ्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे कोण? जास्तकरून मीच.

त्या दिवशी सोनईच्या भागवतचं पाकीट आलं. भागवत शाळेत शिकवायचा आणि फावल्या वेळात आम्हाला बातम्या पाठवायचा. सरळ माणूस, अक्षर मोत्यासारखं, आणि बातमी अशी सपक की वाचता वाचता डुलकी लागावी. पाकिटात दोन कागद होते. पहिल्यावर — शनी अमावस्येच्या गर्दीत शिंगणापुरात बाहेरगावच्या एका बाईंची बॅग नाहीशी झाली, त्यात दागिने होते असं त्या म्हणतात, चोरीची तक्रार दिली आहे. दुसऱ्यावर — सोनईत डोळ्यांचं शिबिर झालं, बऱ्याच जणांची तपासणी झाली, त्यात शिंगणापुरात रुईच्या पानांच्या माळा विकणारे गेनूबाबा यांची दृष्टी आता पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. त्यापुढे भागवतनं एक ओळ लिहिली होती. "त्यांना पूर्वीपासून काचबिंदू होता व गेली तीन वर्षे त्यांना फार कमी दिसत होते."

आता शिंगणापूर तुम्हाला सांगायला नको. घरांना दारं नाहीत, कडीकुलूप नाही, आणि लहान पोरालाही ठाऊक — इथं चोरी करील त्याचे डोळे जातील.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझ्या अंगावर सुखाचा काटा आला, हो, खोटं कशाला बोलू? गेले कित्येक दिवस पानात दम नव्हता, संपादक तोंड वाकडं करत होते, आणि इथं देवानंच ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. मी दोन बातम्यांची एक केली. काचबिंदूच्या ओळीवर लाल पेनानं काट मारली. जागा कमी पडत होती का? नव्हती. चांगली चार बोटं जागा उरली होती, तिथं मी पिठाच्या गिरणीची जाहिरात टाकली. आणि मथळा दिला —

शिंगणापुरात चोरी, चारच दिवसांत एकाची दृष्टी गेली!

बघा ना. यात एक शब्द तरी खोटा आहे का? चोरीची तक्रार होती. चार दिवसांनी शिबिर झालं होतं. माणसाची दृष्टी गेली होती. कुणी कोर्टात नेलं असतं तरी मी ताठ मानेनं उभा राहिलो असतो. ही दोन वाक्यं नुसती शेजारी बसवली की तिसरं वाक्य वाचणारा स्वतःच लिहितो, हे मला पक्कं माहीत होतं. तेच तर मी आता फळ्यावर शिकवतो!

अंक हातोहात गेला. सोनईत, नेवाशात सकाळी आठलाच संपला. संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि भेळ मागवली. मी दोनदा घेतली.

पाचव्या दिवशी भागवत स्वतः ऑफिसात आला. एसटीच्या धुळीनं केस पांढरे झालेले. "साहेब, ती बॅग घावली. त्यांच्याच जीपच्या शिटाखाली हुती. आन् गेनूबाबाचा काय संबंध हो त्यात? माळा घ्यायला कुनी फिरकंना त्याच्याकडं. लोकं लांबून बोट दाखवत्यात." मी म्हटलं, "अहो भागवत, आपण कुठं म्हटलंय त्यानं चोरी केली?" तो माझ्याकडे बघत राहिला. मास्तर माणूस, पोराची चोरी पकडल्यावर जसं बघतात तसं. मग म्हणाला, "खुलासा तेवढा छापा." मी छापला. आतल्या पानावर, तीन ओळी, बाजारभावाच्या खाली. मथळा होता — बॅग सापडली. गेनूबाबाचं नाव त्यात नव्हतं. मथळ्याचा एवढा मोठा मास्तर मी, आणि त्या दिवशी मला दोनच शब्द सुचले!

इथवर जे सांगितलं ते वाईट आहे, पण ते सांगायला मला तीस वर्षं लागली नसती. असले लबाड उपसंपादक पुष्कळ झाले. मी लांबण लावतोय, मला कळतंय. खरं पुढे आहे.

पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी गेनूबाबा ऑफिसात आला. बायकोनं, ठकूबाईंनी, हाताला धरून आणलं होतं. पंचावन्न-साठीचा वाळका माणूस, धुतलेलं धोतर, टोपी नीट बसवलेली. आता हा शिव्या घालणार म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो. उत्तरंही तयार ठेवली. तो हात जोडून उभा राहिला, माझ्या टेबलाच्या जरा डावीकडे तोंड करून — मी तिकडे बसलोय असं त्याला वाटलं.

"साहेब, पेपर लिवनारं तुमीच का?"

मी म्हटलं, "नाही. ते आज रजेवर आहेत."

हे तोंडातून कसं गेलं, मला कळलंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या प्रूफरीडरनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. टेबलावर माझ्या हुद्द्याची पाटी होती, पण ठकूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि गेनूबाबाला दिसत नव्हतं.

"मंग तुमीच सांगा," तो म्हणाला. "बॅग घावली म्हनं. बेस झालं. पन डोळं तर गेलंच ना माजं? मंजी मी दुसरंच कायतरी घेतलं असंल कुनाचं. लई इचार केला, मला आठवंना. डाक्टर म्हनला जुना आजार हाय. पन पेपर वाचून घेतला दोघांकडनं, त्यात आजाराचं काय न्हाई. पेपरवाले चौकशी केल्याबिगर लिवत न्हाईत. तवा मी काय चोरलं, तेवढं सांगा. परत करून टाकतो."

तो भांडायला आला नव्हता हो. तो माझ्यावर विश्वास ठेवून आला होता! ती ओळ माझ्या टेबलाच्या खणात होती. भागवतचा कागद, त्यावर माझी लाल काट, हातभर अंतरावर. खण उघडायचा आणि म्हणायचं — बाबा, आजाराचं लिहिलं होतं, ते मी खोडलं. एवढंच. तिथल्या तिथं तो माणूस मोकळा झाला असता. ठकूबाई माझ्याकडे बघत होत्या. पलीकडे संपादकांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. माझी शाबासकी ताजी होती.

मी म्हटलं, "ते मी काय सांगणार बाबा? शनिदेवालाच ठाऊक."

हे माझे शब्द. मथळा नोकरीत लिहिला असं एकवेळ म्हणता येईल. हे वाक्य मला कुणी लिहायला सांगितलं होतं?

त्यानं मान हलवली. "व्हय, त्येलाच ठाऊक," म्हणाला, आणि बायकोचा खांदा धरून जिना उतरून गेला. मी पंखा वाढवला आणि पुढचं पाकीट फोडलं.

पुढचं भागवतनं सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी, स्टँडसमोर चहा पिताना. गेनूबाबा गावात घरोघर फिरला. बायको हाताला धरून न्यायची, तो उंबऱ्याशी उभा राहायचा आणि आठवेल ते सांगायचा. पोरवयात कुणाच्या रानातल्या भुईमुगाच्या शेंगा खाल्लेल्या. कुणाचा दोर आणून परत द्यायचा राहिलेला. एका घरी त्यानं विळा नेऊन दिला, तर घरची बाई म्हणाली, आवं बाबा, हा तुमचाच हाय. तरी तो ठेवून आला. लोक आधी हसले, मग रडले, मग त्याला बघून आत जायला लागले. शेवटी त्याच्या पोरानं त्याला नगरजवळ नागापूरला आपल्या खोलीवर नेलं. पोरगा आणि सून कारखान्यात कामाला जायचे. ठकूबाई बाजाराला गेल्या की बाबा एकटा बाहेर पडेल म्हणून बाहेरून कडी लावायच्या. जन्म बिनदाराच्या घरात काढलेला माणूस. भागवत त्याला तिथं भेटून आला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"इचारत हुते," भागवत म्हणाला, "पेपरवाल्या सायबांना काय कळलं का म्हनून."

नागापूर माझ्या घरापासून सायकलनं अर्ध्या तासावर. मी गेलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. चौथ्या वर्षी भागवतच्या पाकिटात निधनाची दोन ओळींची बातमी आली. ती मी न कापता छापली.

बॅग जीपमध्ये होती. डोळे काचबिंदूनं गेले होते. गेनूबाबांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. ओळ मी खोडली होती, आणि त्या दुपारी मी रजेवर नव्हतो, त्यांच्या समोर बसलो होतो.