काचेतली झोळी
झेंडूचा उग्र वास आला की मला खुटबावच्या मळ्यात उभे राहिलेले आमचे विभागप्रमुख आठवतात. डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं ऑफिस मी सांभाळायचो, म्हणजे मुलांच्या गावभेटींसाठी गाडी ठरवणं, परवानग्या काढणं, त्यांचे अहवाल कपाटात लावणं माझ्याकडं, आणि विचार करणं तेवढं सरांकडं. त्या सकाळी बुटांना चिखल लागू नये म्हणून सर बांधावरूनच फुलं तोडणाऱ्या मावशींना म्हणाले, "तुमच्या अडचणी अगदी मोकळेपणानं सांगा." मावशींनी ओटीतली फुलं क्रेटमध्ये ओतली, कंबरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या आणि सरांना निरखत म्हणाल्या, "गेल्या साली बी तुम्हीच आलता न्हवं? तवा माझी फुलं तोडायची झोळी बघाया म्हणून न्हेली. खताच्या गोणीची, मीच शिवल्याली. ती कवा देताय? ओटीत वझं घिऊन कंबर गेली माझी." मुलं वह्यांत डोकं खुपसून भराभरा लिहायला लागली. सरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "फार मौलिक निरीक्षण आहे. ऑफिसनं नोंद घ्यावी." झोळी कुठं आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. विभागाच्या दारातच काचेच्या कपाटात ती टांगलेली होती, आणि खाली 'संकल्पना' म्हणून सरांचं नाव होतं. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालतो. पण त्या कपाटाची किल्ली तेव्हा माझ्याच खिशात होती, आणि मी वही काढून नोंद घेतली.