गाडीचा वाटा

माझ्या पिकअपचा वास पनवेलच्या अर्ध्या बाजाराला ओळखीचा आहे. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या कोणी नाक दाबलं, तर मी काच खाली करून त्याच्याकडे रोखून बघते. करंजाहून सुकी मासळी आणायची आणि पनवेलच्या दुकानदारांना घालायची, हा माझा धंदा. पळस्प्याला गाड्या अडवणारे हवालदारही माझी गाडी दिसली की लांबूनच हात हलवून पुढे जायला सांगतात. कागद बघायचे तर जवळ यावं लागतं.

गाडी मी घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. मी तिच्यातले दोष एकेक करून विकणाऱ्याच्या तोंडावर मारत गेले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, इतकी वाईट आहे तर घेताय कशाला?" मी घेतली, कारण माझ्या भावात मिळाली. डावीकडचं दार आतून उघडत नाही. माझ्या बाजूची काच हाताने वर ओढून पाचर मारावी लागते. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, म्हणून मी टाकीत बांबूची काडी घालून बघते. हे सगळं परवडलं. पण गरम झाली की गाडी सेल्फ घेत नसे. एकदा बंद केली, की इंजीन निवेपर्यंत चावी फिरवून नुसतं 'टक्' ऐकत बसायचं.

या गाडीची वेळ माझ्यावर का आली, तेही सांगते. माझ्या सासरी, करंजाला, दोघा भावांत एक होडी. आमच्याकडे धंदा आला, म्हणजे मासळी विकून पैसा आला, की त्याचे वाटे पडतात. प्रत्येक खलाशाचा एक वाटा, जाळ्यांचा वाटा आणि खुद्द होडीचाही वाटा. होडीचा वाटा दोघा भावांत निम्मा व्हायचा. माझा नवरा आजारपणात गेला आणि महिना व्हायच्या आत मोठ्या दिरांनी सांगितलं, होडी जो चालवील, होडीचा वाटा त्याचा. मी भांडले, गावकीत गेले, काही झालं नाही. दिरांचा राग आहेच. पण जास्त राग जाऊबाईचा. ती त्या दिवशी दारात बसून बोंबील साफ करत होती. आम्ही दोघी एका चुलीवर जेवलो होतो, एकमेकींची बाळंतपणं केली होती. तिने विळीवरची मान वर केली नाही. मी पनवेलला खोली घेतली, गाडी शिकले, आणि त्याच करंजात गिऱ्हाईक म्हणून परत गेले. दीर समोर दिसले की गाडीचा हॉर्न जरा जास्तच वेळ वाजवत असे.

करंजाला सुकी मासळी घ्यायची एक रीत आहे. एक गिऱ्हाईक ढिगापाशी बसलं असेल, तर दुसऱ्याने त्या ढिगाचा भाव विचारायचा नाही. आधीचं उठून जाईपर्यंत थांबायचं. या रितीवर माझी बंद पडणारी गाडी मला देवासारखी पावली. भाव जमला नाही की मी उठून गाडीत बसायची, चावी फिरवायची, 'टक्' व्हायचं. मग परत येऊन त्याच ढिगापाशी बसायची. गाडी निवेपर्यंत जाणार कुठे? बाकीचे व्यापारी लांब उभे राहून कंटाळायचे, निघून जायचे. ऊन चढायचं. विकणारीला घरी चूल पेटवायची असायची. ती माझ्यासाठी चहा मागवायची, मग हळूहळू भाव खाली यायचा. मला कोणी लबाड म्हणत नसे. उलट, "बिचारी, काय गाडी पडली हिच्या गळ्यात," असंच म्हणत.

यंदा होळीच्या आधी कळंबोलीच्या गॅरेजवाल्याने कुठल्याशा भंगारातल्या गाडीचा सेल्फ काढून माझ्या गाडीला बसवला. गरम इंजिनावर पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र घरी येताना विचार करत होते की आता ढिगापाशी बसायला कारण काय सांगायचं. मग ठरवलं, कोणाला सांगायचंच नाही. चावी अर्धीच फिरवायची, कपाळाला हात लावायचा. लोकांच्या कानात जुना 'टक्' बसलेला होताच.

शिमगा होऊन गेल्यावरची गोष्ट. मी शेडमध्ये बोंबलाच्या गोण्यांपाशी बसले होते. चावीचं नाटक करून झालं होतं, चहा आला होता. खाडीच्या बाजूने आभाळ एकदम काळं झालं. अवकाळी पावसाचं. वाळवणाच्या मैदानावर बायकांची पळापळ सुरू झाली. जाऊबाईचा जवळा शेडपासून सगळ्यात लांब पसरलेला. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा तिचं घर या सुकटीवर चालतं. बारीक कोलंबीच ती. एकदा भिजली की खत म्हणून टाकायची.

ती धावत माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली.

"गो, गाडी घेऊन चल. दोन खेपांत सगला जवला शेडात येल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी गरम हाय. चालू नाय होत."

खरंच निघून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तसं नव्हतं. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. माझ्या मनात आलं, आता बघ मान खाली घालून कसं वाटतं ते.

पण ती मान खाली घालून बसली नाही. तिने दोन्ही सुनांना हाक मारली. "बस तू आत," मला म्हणाली, "आमी धक्का मारतो." एवढ्या बायकांसमोर मी बसले. मला तेव्हाच चावी फिरवता आली असती. पण चावीला गाडी लगेच सुरू झाली असती तर सगळ्या मैदानाला कळलं असतं, आणि पहिल्याच धक्क्याला झाली असती तर मग रोज ढिगापाशी का बसते, असं कोणी विचारलं असतं. जिच्या गोण्यांपाशी मी मघापासून बसले होते, ती तिथेच उभी होती. म्हणून मी क्लच दाबून धरला; तो सोडल्याशिवाय धक्क्याने गाडी सुरू होत नाही.

त्या तिघी वाळूतून ती गाडी ढकलत होत्या आणि मी आत क्लच दाबून बसले होते. गाडी थोडी गेली, थांबली. परत ढकलली. मी परत दाबून धरला. आरशात जाऊबाई दिसत होती. लुगड्याचा काष्टा खोचून, मागच्या फाळक्याला खांदा लावून, डोळे मिटून ती जोर करत होती. आता तिचं वय झालंय. काचेवर थेंब पडले. ती धापा टाकत खिडकीपाशी आली. मला वाटलं, हिला कळलं.

"तुजा काय दोष नाय गो," ती म्हणाली. "जुनी गाडी हाय. अजून एक डाव मारू."

तिसऱ्या खेपेला मी क्लच सोडला. गाडी सुरू झाली. सुना ओरडल्या, हसल्या. आम्ही चौघींनी घमेल्यांनी जवळा भरला, पण पाऊस आमच्या आधी पोचला होता. निम्मा जवळा वाचला. निम्मा तिथेच चिखलात गेला.

आठवड्याभराने जाऊबाई एसटीने पनवेलला माझ्या खोलीवर आली. तिच्या हातात टोपली होती, वर केळीचं पान. आत वाचलेल्या जवळ्यातला चांगला, निवडलेला जवळा. मी विचारलं, हे काय?

"गाडीचा वाटा," ती म्हणाली. "होडीचा असतो तसा."

मग टोपली ओट्यावर ठेवून म्हणाली, "तवा मी घरात भांडले होते. भायेर बोलाया धीर नाय झाला."

मी त्या वाट्यासाठी गावकीत ओरडले होते, लोकांच्या दारात बसले होते. तो आता माझ्या ओट्यावर ठेवलेला होता आणि मला हात लावता येत नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकला. तिच्या सुनांची चौकशी केली. तिला स्टँडपर्यंत गाडीने सोडलं, आणि तिच्यासमोर गरम गाडीची चावी फिरवावी लागू नये म्हणून इंजीन चालूच ठेवलं.

पुढच्या फेरीला मी टोपली तशीच परत नेली. ती जवळा पसरत होती. गाडी तिच्याजवळ नेऊन बंद केली, बोनेटवर हात ठेवता येणार नाही इतकी गरम होती. तिला म्हटलं, "बाय, इकडे बघ." आणि चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

ती गाडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "कवापासून?" तिने विचारलं.

"होळीच्या आधीपासून."

तिने टोपली घेतली, जवळा बाकीच्या जवळ्यात ओतला आणि हाताने सारखा केला. "माज्या सुनांचे हात सुजले होते," एवढंच म्हणाली.

तिने कोणाला सांगितलं नाही. ते मला पुढच्या खेपेला कळलं. मी बोंबलाच्या ढिगापाशी बसले होते, भाव जमत नव्हता, आणि विकणारी सवयीने म्हणाली, "बस गं, तुजी गाडी निवू दे," आणि चहा सांगायला वळली. जाऊबाई चार हातांवर जवळा पाखडत होती. तिने ऐकलं. तिचं सूप थांबलं नाही.

मी म्हणाले, चहा नको. ढिगापासून उठले. मागे थांबलेल्या व्यापाऱ्याला म्हटलं, तू विचार भाव. गाडीत बसून चावी फिरवली, सगळ्यांच्या देखत. विकणारी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिने मला जी शिवी दिली ती पाठच्या बाया हसत हसत पुढे देत गेल्या. त्या दिवशी मी रिकामी गाडी घेऊन पनवेलला आले. आता करंजाला मला सगळ्यांसारखा भाव लागतो, कधी जास्तच. जाऊबाई तिचा माल भाड्याच्या टेम्पोने पाठवते. मी दर वेळी विचारते, माझ्या गाडीतून नेऊ का, आणि ती दर वेळी टेम्पो सांगितलाय म्हणते.