पोपटी साडी

उल्हासनगरात माझी वकिली नवीन होती, तेव्हा ती माझ्याकडे आली. बदलापूर गावातली. अंबरनाथच्या कंपनीत कामाला लावतो म्हणून चुलतदिराने तिला नेलं आणि परमुलखात विकलं. दोन वर्षांनी पोलिसांनी सोडवून आणली, तर नवऱ्याने घरात घेतली नाही. पोरगीही देईना. पोरीच्या ताब्यासाठी मी तिचा दावा लावला.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती कधी बाकावर बसली नाही. खांबाला टेकून, जिन्याकडे बघत उभी राहायची. प्रत्येक तारखेला तीच पोपटी साडी, लांबूनही डोळ्यांत भरणारी. नवऱ्याचा वकील तिला आधीच 'पळून गेलेली' म्हणत होता. मी म्हटलं, "अगं, जरा साधी साडी नेसून येत जा. लोक बघतात."

"बघू दे की, वकीलबाई. पोरगी अंगावर पीत होती तवा मला नेलं. तोंड काय ध्यानात ऱ्हाणार तिच्या? साडी तरी ऱ्हाईल."

दर तारखेला पोरीला कोर्टात आणायचा हुकूम मी मिळवला होता. पहिल्यांदा पोरगी आजीच्या मागे लपली. पुढच्या खेपेला रडली. त्यानंतरच्या तारखेला मात्र जिन्यावरूनच बोट दाखवत बापाला म्हणाली, "ती बघ, हिरवी बाई!"

खांबापाशी हिने डोळे पुसले, निऱ्या सारख्या केल्या आणि मला म्हणाली, "बाईपर्यंत तर आली. आता पुढची तारीख जवळची मागून घ्या."