गुमनान आजींचं पातेलं

बान गुमनान आजींनी कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. सोल स्टेशनमागच्या गल्लीत, जेमतेम पाय पसरता येतील अशा खोलीत त्या एकट्या राहत. गरीब, एकट्या म्हाताऱ्यांसाठी आमच्या केंद्रातून जाणारा दुपारचा फुकट डबा हेच त्यांचं दिवसाचं जेवण. केंद्राचे हिशेब मी सांभाळतो आणि परत आलेले डबेही मीच उतरवून घेतो. इतरांचे डबे रिकामे येतात. आजींच्या डब्यात एखादा मुळा, कधी कांद्याची पात असायचीच.

किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले आणि डब्यातून सोललेला लसूण आला. त्या दिवशी डबा परत द्यायला आजी स्वतः आल्या होत्या आणि केंद्राचे नवे टीम लीडर हाम माझ्या शेजारी उभे होते.

“आजी, हा लसूण कुठला?” हामनी विचारलं.

“बाजारात सोलायला बसते, बाळा. नाक मुरडू नकोस, उद्या तुझ्याच रश्शात पडणार आहे.”

“म्हणजे कामाला जाता?”

“काम कसलं! मालक असा चिक्कू, पैशांऐवजी मूठभर लसूणच हातावर ठेवतो. लसणाआधी माझी बोटं सोलून निघतात.”

स्वयंपाकघरातल्या बाया हसल्या. हाम हसले नाहीत. आजी गेल्यावर मला म्हणाले, “कमावत्या माणसाला डबा नाही. नियम आहे.”

“अहो, ही कमाई नाही. भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून आणलंय.”

“तुम्ही चार महिन्यांत निवृत्त व्हाल. मला इथे नोकरी करायची आहे.”

दुसऱ्या दिवसापासून आजींचा डबा त्यांच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या प्योला गेला. तो भिंतीवर टकटक करून ओरडला, “आजी, आज मासा आहे हो! काय केलंत तुम्ही, शिव्या दिल्यात की काय?”

दोन दिवसांनी आजी पुन्हा केंद्रात आल्या. फडक्यात बांधलेलं घरचं पातेलं, त्यात लसूण इतका की झाकण बसेना. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

“माझंच चुकलं,” त्या हामना म्हणाल्या. “एवढे दिवस जेवू घातलंत आणि मी मूठभर लसूण टेकवला. कुणालाही राग येईल.”

हामनी पातेलं हातात तोलून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. “बघा! दोन दिवसांत एवढा. आणि म्हणे कमाई नाही.”

लसूण स्वयंपाकघरात गेला. दुपारच्या रश्शाला लागणारच होता. हामनी पातेलं आजींच्या हातात परत दिलं.

आजींनी आत पाहिलं. काही नव्हतं. त्यांनी झाकण लावलं. आता ते नीट बसलं.