जर्मन फिल्म आणि जावईबापू

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच फिल्लमकाकांचं दुकान. ते फिल्मच्या डिस्क भाड्यानं द्यायचे. गिऱ्हाईक मारामारी मागो की रडारड, काका एक जुनी जर्मन फिल्म पुढे सरकवणारच. "हळू आहे, पण बघा. एक माणूस, त्याच्या गळ्यात पडलेली परकी पोर, आणि नुसता रस्ता. आधी ती त्याला लोढणं वाटते. मग बघा काय होतं ते!" लोक हसून मारामारीच न्यायचे. मग काका काय करायचे, तर मारामारीच्या वेष्टनात गुपचूप जर्मन डिस्क घालून द्यायचे. कोणी भांडायला आलं की साळसूदपणे म्हणायचे, "चुकून झालं हो!" मी म्हणायचे, ही लबाडी एक दिवस अंगाशी येईल.

काकांची मुलगी वारली तेव्हापासून नात त्यांच्याकडे होती. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला तरी पोरीकडे बघायचं टाळायचा, तिचा चेहरा अगदी आईचा होता. त्यातच काकांची दृष्टी गेली. दूध उतरवताना त्यांच्या हातून पातेलं कलंडलं, पोर थोडक्यात वाचली. जावयानं ठरवूनच टाकलं, तिला लांबच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवायचं. गणवेश माझ्याकडेच शिवायला आला.

काकांचा जीव टांगणीला लागला. "तिकडे गेली की संपलं गं. हा भेटायलासुद्धा जायचा नाही. त्यानं जवळच्या फेऱ्या धराव्यात, पोरीला स्वतःजवळ ठेवावं. दुसरं काही नको मला."

"मग तोंडानं सांगा की तसं!"

"सासऱ्यानं जावयाला शिकवायचं? माझी मुलगी असती तर तिला सांगितलं असतं."

असा संताप आला मला! मेल्या बाप्यांना बोलायचीच तेवढी चोरी. पण मीही गणवेशाचे काज मुद्दाम करायचे ठेवले.

पोरीला वसतिगृहाकडे रवाना करायला जावई आला. गणवेश तयार नव्हता, म्हणून वेळ काढायला त्यानं मारामारीची फिल्म मागितली. काकांनी चाचपडत एक वेष्टन शोधून दिलं. दुकानाच्या मागच्या खोलीत फिल्म सुरू झाली आणि त्याचा आवाज आला, "मामा, ही तर भलतीच आहे."

"चुकून झालं, जावईबापू. लागलीच आहे तर बघा."

त्याला खालच्या भाषांतराच्या ओळी भरभर वाचता येईनात. मग पोर त्याच्याजवळ सरकून मोठ्यानं वाचू लागली. मी दारातून बघत होते. वाचता वाचता ती त्याच्या खांद्याला टेकली, आणि त्यानं खांदा काढून घेतला नाही. मी काकांचा हात दाबला.

फिल्म संपली. जावई डोळे पुसत बाहेर आला. "मामा, काय फिल्म आहे हो! तो तिला कसा हिंडवतो, हसवतो, आणि शेवटी तिच्या माणसांत नेऊन सोडतो. मी हिला बसमध्ये बसवून देणार होतो. बापाला शोभतं का ते? आता मीच ट्रकमधून सोडतो तिला वसतिगृहावर. मजा करत जाऊ दोघं."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याला त्याला फिल्म सांगताना ते शेवट तेवढा राखून ठेवायचे. राखता राखता तो स्वतःच विसरले होते की काय, कोण जाणे.

"बोला ना काका, आता तरी," मी पुटपुटले. काका चाचपडत डिस्क परत वेष्टनात घालू लागले.

मला काज करून द्यावे लागले. पोर ट्रकमध्ये बापाशेजारी चढून बसली आणि हात हलवू लागली. काका भलत्याच दिशेला हात हलवत होते. मी त्यांना धरून ट्रककडे वळवलं.

"हसतेय का गं ती?" त्यांनी विचारलं.

"हसतेय," मी म्हटलं. खरंच हसत होती.