विटांचा गेम

शिवाजी पेठेतल्या चंदना मगदूमला कुणी विचारलं असतं, की जन्मात चोरून केलेली एखादी गोष्ट सांग, तर ती हसून उठून गेली असती. देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घेणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. पण एक गोष्ट तिनं चोरून केली होती, आणि तीही वर्षानुवर्षं.

तिचं माहेर हातकणंगल्याजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन ती पेठेत आली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, बापूसोंनी, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत नुकतंच व्हिडिओ गेमचं पार्लर थाटलं होतं. माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्या, प्रत्येकीत एक पडदा, त्याखाली दांडी आणि बटणं. पितळी टोकन आत टाकलं की खेळ सुरू. कुणी विमानं पाडायचं, कुणी ठोसे हाणायचं, कुणी मोटार पळवायचं. तालमीतली पोरं, मैदानावरनं फुटबॉल खेळून घामेजून आलेली पोरं, शाळा चुकवलेली पोरं, सगळ्यांचा तिथं अड्डा. कालवा असा, की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा.

चंदनाच्या सासूला, आक्कांना, हा धंदा मुळीच पसंत नव्हता. जैनाच्या घरात दिवसभर गोळ्यांचे आवाज म्हणजे काय? "खोटं असलं म्हणून काय झालं? मारायचं त्ये मारायचंच की रं," त्या लेकाला म्हणायच्या. बापूसो आईला उलटून बोलणारे नव्हते आणि धंदा बंद करणारेही नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला. ज्यात कुणीच मरत नाही असं एक मशीन शोधून आणलं. पडद्यावर वर रंगीत विटांची भिंत, खाली एक आडवी फळी आणि दोहोंच्या मधे टणाटण उडणारा चेंडू. या मशीनला दांडी नव्हती, एक गोल मूठ होती. ती फिरवली की फळी डावीउजवीकडं सरकायची. चेंडू फळीवर झेलायचा, विटा फोडायच्या, बस्स. पोरं त्याला विटांचा गेम म्हणायची आणि बाकीच्या मशीनवर जागा नसली तरच तिकडं वळायची.

पार्लरमध्ये बायकांनी पाऊल टाकायची रीत नव्हती. दुपारी बापूसो जेवून अंमळ आडवे व्हायचे, शटर अर्धं खाली असायचं, तेवढ्यात चंदना झाडून घ्यायची. सगळी मशीन चालूच असायची. सारखं चालू-बंद केलं की पडदे जातात, असं बापूसोंचं म्हणणं. एका दुपारी झाडता झाडता विटांच्या मशीनच्या माथ्यावर तिला एक टोकन दिसलं. कुणा पोराचं राहिलं असेल. तिनं आतल्या दाराकडं पाहिलं, शटरकडं पाहिलं आणि टोकन आत टाकलं.

पहिले चेंडू भसाभस खाली पडले. पण ती मूठ तिच्या हाताला आवडली. जरा ढकलली की आपसूक फिरणारी, आणि बोट टेकवलं की थांबणारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक टोकन तिथंच होतं. पोरं भलतीच विसराळू, असं मनाशी म्हणून ती पुन्हा खेळली. पुढं पुढं चेंडू कुठल्या विटेवर आपटून कुठं येणार, हे तिला आधीच कळायला लागलं. डोळे पडद्यावर, झाडू काखेत आणि हात मुठीवर. दिवसभरात तेवढा वेळ ती कुणाची सून नव्हती, कुणाची आई नव्हती. तिचा लेक सम्मेद तेव्हा पाळण्यात होता, आणि तो रडला तरच तिचा चेंडू पडायचा.

सगळ्यात जास्त गुण झाले की मशीन खेळणाऱ्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं मागायचं. चंदना दहावीपर्यंत शिकलेली. तिनं सी, एच, ए अशी अक्षरं लावली. संध्याकाळी पोरांनी ती वाचली आणि एकच गोंधळ उडाला. सी, एच, ए म्हणजे चहा! समोरच्या चहाच्या टपरीवरच्या आकारामनं आपल्या सगळ्यांना मागं टाकलं, असं ठरून गेलं. आकारामनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोरं मागंच लागली, की आमच्यासमोर खेळून दाखव, तेव्हा त्यानं गुडघा दुखतोय असं सांगितलं. आतल्या दाराआड उभी राहून चंदना पदर तोंडात कोंबून हसली. रात्री मशीन बंद झालं की ते नाव पुसलं जायचं, आणि दुसऱ्या दुपारी ती पुन्हा लिहायची.

मग दिवस पालटले. घराघरांत संगणक आले, कोपऱ्याकोपऱ्यावर इंटरनेटची दुकानं निघाली, पोरं पांगली. बापूसोंनी बाकीची सगळी मशीन विकली आणि त्या खोलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. विटांच्या मशीनला गिऱ्हाईक मिळालं नाही. ते मागच्या खोलीत धान्याच्या कोठ्यांशेजारी चादर पांघरून उभं राहिलं. आक्का गेल्या. सम्मेद शिकून पुण्याला नोकरीला लागला. चंदनाच्या केसांत पांढरं आलं. त्या दुपारींबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच तिला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी बापूसो दुकानाचं कुलूप काढता काढता खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. अर्धांगाचा झटका होता. इस्पितळातून घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी चालत होता, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, आणि बोलणं तुटलं होतं. सगळं समजायचं, शब्द मात्र ओठाशी येऊन अडायचा. पेठेत ज्याच्या गप्पांना बहर यायचा तो माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायला लागला.

व्यायाम करून घ्यायला रुचिता नावाची मुलगी यायची. मनापासून शिकवायची. रबरी चेंडू दाबायला द्यायची, मनगट फिरवायला सांगायची. ती आहे तोवर बापूसो कसंबसं करायचे आणि तिची पाठ वळली की चेंडू कोपऱ्यात भिरकावायचे. एक दिवस ती चंदनाला म्हणाली, "काकू, काका दमत न्हाईत, कंटाळत्यात. एखादी गोल वस्तू घावंल का? काहीतरी फिरवायला, ज्यात त्यांचं ध्यान लागंल असं."

रुचिता गेली आणि चंदनानं मागच्या खोलीत जाऊन चादर ओढली.

गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारा कृष्णात होता. त्याला बोलावलं. त्यानं मागची फळी उघडली, उंदरांचं घरटं काढलं आणि असले पडदे आता मिळत नाहीत म्हणून मान हलवली. तरी दोन-चार दिवस खटपट करून त्यानं मशीन जागं केलं. हे कळल्यावर सम्मेदनं पुण्याहून फोन केला. तो म्हणाला, मोबाईलवर असले गेम शेकड्यानं मिळतात, उगाच जुन्या डबड्याचा नाद कशाला? चंदना म्हणाली, मोबाईलला मूठ नसते.

गल्लीतल्या चौघांनी मिळून मशीन दुकानात आणून ठेवलं. दुपारी तिनं बापूसोंना खुर्चीवर बसवलं, त्यांचा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. चेंडू सुटला. फळी हलायच्या आत तो खाली गेला. दुसराही गेला. बापूसोंनी हात ओढून घेतला आणि तोंड फिरवलं. ज्या माणसानं पेठेतल्या सगळ्या पोरांना खेळवलं, तो स्वतः मात्र आयुष्यात एकदाही खेळला नव्हता. हलवाई कुठं पेढे खातो? आणि आता हे असं.

चंदना मशीनसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "नुसतं बघा तरी."

तिनं मूठ धरली. बोटं आखडली होती, चष्म्यातून चेंडू अंधुक दिसत होता. पहिला गेला. दुसऱ्याला मात्र हाताला काय आठवलं कुणास ठाऊक, फळी आपसूक सरकायला लागली. एक ओळ फुटली, मग दुसरी. चेंडू भिंतीला भगदाड पाडून वर शिरला आणि वरच्या वर विटा फोडत सुटला. कुणाच्या देखत ती पहिल्यांदाच खेळत होती. आपला नवरा पडद्याकडं बघतच नाहीये, तो आपल्या हाताकडं बघतोय, हे तिला बऱ्याच वेळानं जाणवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ हलत होते.

"टो... टोकन," बापूसो म्हणाले.

"कसलं टोकन?"

"मी... ठेवायचो."

चेंडू खाली गेला. चंदनाचा हात मुठीवर तसाच राहिला. दुपारच्या त्या विसराळू पोरांपैकी एकही पोरगं कधी टोकन मागायला आलं नव्हतं, हे तिच्या आज ध्यानात आलं.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

त्यांनी मान हलवली.

"मग बोलला न्हाईसा का?"

उत्तर यायला फार वेळ लागला. एकेक शब्द ते विहिरीतून बादली ओढावी तसे वर काढत होते. "तू... बंद... केलं असतंस."

ते खरं होतं. तिला कळलं असतं, की त्यांना ठाऊक आहे, तर लाजेनं तिनं पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. तिनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले. आणि त्यांचा हात उचलून पुन्हा मुठीवर ठेवला. या वेळी त्यांनी तो ओढून घेतला नाही.

हात काही एका दिवसात सुधारला नाही. पहिल्यांदा नुसता अंगठा हलला. गणपती आले तोवर फळी एका बाजूला सरकवता यायला लागली, पण परत आणता येईना, आणि त्या चिडीनं बापूसोंच्या तोंडून एक सणसणीत अस्सल शिवी अखंड बाहेर पडली. चंदनानं आयुष्यात पहिल्यांदाच शिवी ऐकून देवाला हात जोडले. रुचितानं आपला रबरी चेंडू गुपचूप पिशवीत घातला आणि रोज किती वेळ खेळायचं, तेवढं बांधून दिलं. ते बापूसो पाळत नाहीत, ही आता नवी कटकट आहे. शेजारची झुंबरबाई, जिनं एके काळी याच पार्लरनं आपला पोरगा बिघडवला म्हणून बोटं मोडली होती, ती दुपारी भाजी निवडायला दुकानाच्या पायरीवर येऊन बसते आणि बापूसोंना उजवीकडं, डावीकडं असं ओरडून सांगते.

हात पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही. सदऱ्याचं बटण लावायला अजून चंदना लागते. पण बोलणं बरंच सुटलंय.

परवाच्या दिवशी ऊन कलंडलं, तशी चंदना वाढलेली ताटं घेऊन दारात आली. जैनांच्या रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला हवं होतं. तिनं दोनदा हाक मारली.

"थांब की," बापूसो पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "भिंत पडालीय बघ."

ती पुढं आली. खरंच, कोपऱ्यातल्या थोड्या विटा तेवढ्या उरल्या होत्या. तिनं ताटं काउंटरवर ठेवली, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि चेंडू बघत उभी राहिली.