समुद्रावरच्या बंगल्यातला हिंदी पाहुणा

फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात त्या काळी कोणी सुट्टीला गेलं की परत येऊन तीन दिवस तेच सांगत असे. आम्हीही सांगितलं. समुद्र सांगितला, नारळ सांगितले, मासे तर दोनदा सांगितले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती आता सांगतो. वय झालं की माणसाला आपल्याच गोष्टी पचेनाशा होतात.

माझं लहानपण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, हा तिथला नियम. कोणी लावला नव्हता, आपोआप लागला होता. आईचं माहेर मालवणकडचं. ती एरवी पुस्तकासारखं मराठी बोलायची, पण रागावली की मालवणीत शिरायची, त्यामुळे मला मालवणी अगदी उत्तम समजते. पुढे बायको देहरादूनची मिळाली आणि आमच्या घरात दाराच्या आतही हिंदी आली. मुलांना मराठीत फक्त ‘जेवायला चला’ कळे. आई आमच्याकडेच असे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी मराठी बोले.

बायको गुडगावच्या एका नव्या परदेशी कंपनीत होती. ज्या वर्षी तिचं काम साहेबांना फार आवडलं, त्या वर्षी कंपनीने आम्हाला कोकणातल्या आपल्या व्हिलात सहा दिवस राहायला पाठवलं. आईने विचारलं, व्हिला म्हणजे बंगलाच ना? मी म्हटलं, बंगलाच, पण पायऱ्या उतरल्या की समुद्र. जागा तिच्या माहेरापासून दोन खाड्या अलीकडे होती. आई आली नाही. तिथे आता आपलं कोण आहे, म्हणाली.

बंगला खरोखर सुंदर होता. पलीकडे कोळ्यांची छोटीशी वाडी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि दिवसभर कुणाचा आवाज नाही. राखण आणि स्वयंपाक एक जोडपं करायचं. आम्ही टॅक्सीतून उतरलो, मी सवयीने हिंदीत विचारलं, “सामान कहाँ रखें?” आणि तिथेच सगळं ठरून गेलं. कारण त्या बाईने मला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि शांतपणे नवऱ्याला म्हणाली, “ह्येच्या पोटाकडे बघून मासळी हाडा.”

म्हणजे, मासे भरपूर आणा. आता यावर काय करायचं? ‘मला कळतं हो बाई’ म्हणावं तर ती बिचारी ओशाळणार. मी हसू दाबलं आणि गप्प राहिलो. मनात म्हटलं, जाताना शेवटच्या दिवशी एक खणखणीत मालवणी वाक्य टाकू आणि यांची मजा बघू.

पुढचे तीन दिवस मी चक्क हेरगिरी केली. ती दोघं आमच्यादेखत मोकळेपणी बोलायची. आमची मुलं मासा पराठ्यासारखा गुंडाळून खातात, बायको पाण्यात जाताना घड्याळ काढत नाही, मी दुपारी झोपलो की होडीचं इंजिन चालू झाल्यासारखं वाटतं. व्हरांड्यात बसून मी हे सगळं बायकोला हिंदीत उलगडून सांगे आणि आम्ही दोघं उशीत तोंड खुपसून हसत असू. तिला माझं फार कौतुक वाटलं. पंधरा वर्षांत माझ्या मातृभाषेचा तिला झालेला हा पहिला उपयोग.

आमचं ठरलं होतं, रविवारी सकाळी निघायचं, तो दिवस गोव्यात काढायचा आणि सोमवारी तिथून गाडी पकडायची. शुक्रवारी जेवताना मुलांनी हट्ट धरला, गोवा नको, इथेच राहू. बायको म्हणाली, ठीक आहे, पुढचं बुकिंगही नाही, सोमवारी इथूनच निघू. तिने त्या बाईला हिंदीत तसं सांगितलं. बाई “अच्छा” म्हणाली आणि आमटीचं भांडं घेऊन आत गेली.

मी हात धुवायला मागे गेलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

“आयतवारी झिलाकडली माणसा येतली चेडवाक बघूक,” ती म्हणत होती, “आणि मी हय मासे तळीत बसू?”

“सांग मगे तेंका.”

“हिंदीत कसा सांगतत? तुमीच सांगा.”

“माका तरी खय येता?”

रविवारी त्यांच्या मुलीला बघायला मुलाकडची माणसं येणार होती. पाहुणे असताना बंगला सोडायचा नाही आणि पाहुण्यांना कशालाही नाही म्हणायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. मुलाकडच्यांना दिवस बदलायला सांगावं तर ते मुंबईहून एका दिवसापुरते येणारे. शेवटी ठरलं की बापाने जायचं आणि आईने इथे थांबायचं. वाडीतली कोणीतरी काकी पोहे करेल.

मी नळाखाली हात धरून उभा होतो. दोन पावलं टाकून खिडकीशी जायचं आणि म्हणायचं, ‘तुम्ही जा, आम्ही आमचं बघतो.’ एवढंच. पण ते म्हटलं असतं तर पोट, घोरणं, घड्याळ, सगळं मला कळत होतं हेही कळलं असतं. चार दिवस चोरून ऐकणारा माणूस म्हणून उभं राहणं मला जमेना. मी नळ बंद केला आणि व्हरांड्यात आलो. बायकोने उत्साहाने विचारलं, आज क्या बोल रहे थे? मी म्हटलं, कुछ नहीं, मसाल्याचं बोलत होते.

तिला सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथे उठली असती. म्हणून तर नाही सांगितलं.

रविवारी दुपारी नवरा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून “थोडा काम है, साब” म्हणत निघून गेला. ती तळत राहिली. ताटात सुरमई वाढताना तिची नजर घड्याळाकडे जात होती. बायको म्हणाली, आज ही इतकी गप्प का? मी म्हटलं, तब्येत ठीक नसेल. आणि मी जेवलो हो. अन्नावरची वासना उडाली वगैरे काही झालं नाही. वर सोलकढी मागितली, तीसुद्धा हिंदीत.

सोमवारी सकाळी आम्ही सामान बांधत असताना हॉलमधला फोन वाजला. तो बाईने घेतला. दोन शब्द हिंदी बोलली आणि मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ती मालवणीत बोलायला लागली, हसली, पुन्हा बोलली. बरंच बोलली. फोन ठेवून ती दारात आली आणि पहिल्यांदाच तिने माझ्याशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली.

“तुमच्या आवशीचो फोन इललो. गाडी कितीक वाजता पोचतली, इचारीत होते.” मग म्हणाली, “‘माझ्या झिलाक थय मालवणी बोलूक गावता मां’ म्हणान इचारल्यानी. मी हो म्हटलंय.”

आईला काळजी होती, तिच्या मुलाला, म्हणजे मला, तिथे मालवणी बोलायला मिळतं की नाही. जे खणखणीत वाक्य मी टाकणार होतो, ते मला आठवलं नाही. तिने मुलांच्या हातात गोड खाज्याची पुडी दिली आणि आम्ही निघालो.

आईला मात्र मैत्रीण मिळाली. आम्ही कागदावर देऊन ठेवलेला त्या बंगल्याचा नंबर तिने वहीत लिहिला आणि अधूनमधून फोन लावू लागली. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती अशीच बोलत होती. मी पेपर वाचत होतो. बोलता बोलता आईने हाताने फोनचं तोंड झाकलं आणि माझ्याकडे वळली.

“अरे, हिच्या मुलीचं जमत आलं होतं, ते मोडलं. बघायला आले तेव्हा ही घरी नव्हती म्हणे. त्यांनी अर्थ लावला, मुलीच्या आईलाच स्थळ पसंत नाही. विचारलं तर म्हणते, कामावर होते. मुलीला बघायला येणार आणि आई कामावर? तू तिथे होतास तेव्हाचीच गोष्ट दिसते. तुला काही बोलली नव्हती का?”

बायको भाजी निवडत होती. पंधरा वर्षांत एवढं मराठी तिलाही कळू लागलं होतं; तिचे हात थांबले.

“मला नाही बोलली,” मी म्हणालो. ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आई अजून माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि तिच्या हातून फोन घेतला.

“मी बोलतोय,” मी मराठीत म्हणालो. “तुम्ही दोघं स्वयंपाकघरात बोलत होता, शुक्रवारी. ते मी ऐकलं होतं. मला कळलं होतं.”

पलीकडे समुद्र ऐकू येत होता, किंवा लाईनच खराब असेल.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. मालवणीत नाही, शाळेतल्या बाईंशी बोलावं तशा शुद्ध, परक्या मराठीत. “आईंकडे द्या फोन.”